शिर्क्यांची पोकळी

बडोद्यात तरसालीला आमच्या सोसायटीत घरं जोडीजोडीनं बांधलेली आहेत, दोन घरांत मिळून एकच भिंत. बिल्डरनं सिमेंट वाचवलं आणि त्या वाचलेल्या सिमेंटपायी जगदीश शिर्के माझ्या आयुष्यात आले. भिंतीच्या अलीकडे मी संस्कृतच्या शिकवण्या घ्यायची आणि पलीकडे त्यांचा बँड वाजायचा. बँड म्हटल्यावर लग्नातला लाल कोटवाला बँड डोळ्यांपुढे आणू नका. हा रॉक बँड होता, त्यातही प्रोग्रेसिव्ह, आणि त्यातही शिर्क्यांच्या शब्दांत ‘वातावरणाचा’. नाव होतं ‘अंतराळ आणि मंडळी’. यांचं एक गाणं सुरू झालं की माझी अख्खी शिकवणी आटोपून मुलं आपापल्या घरी पोचायची, तरी गाण्यात कोणी तोंड उघडलेलं नसायचं. पुढेही उघडणार नसायचं. शब्द आले की वातावरण बिघडतं, असं त्यांचं मत होतं.

आम्ही नव्यानं राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांचं दार वाजवलं. सबंध दुपारभर भिंतीतून ‘घुंऽऽ’ असा आवाज येत होता. दारात उंच, वाळकुडे, मोठ्या मिशांचे गृहस्थ उभे राहिले. मी म्हटलं, “तुमचा फ्रीज बिघडलाय, एकदा बघून घ्या.”

त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, मी पेढ्यांचा पुडा घेऊन आले आहे.

“तुम्हाला ऐकू आला? भिंतीतून? तो माझा खालचा सा आहे, बाई. या ने, आत या. चहा घ्या.”

तेव्हापासून मी त्यांची ‘बाई’ झाले आणि ते माझे ‘शिर्के’. त्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी मला तो सा पुन्हा ऐकवला. चहा संपला, सा संपला नाही.

शिर्के एका केमिकल प्लँटमध्ये कॉम्प्रेसर हाउसला ऑपरेटर होते. तिथे आत जाताना कानात बोळे घालायची सक्त ताकीद असायची. सगळे घालायचे, शिर्के घालायचे नाहीत. त्यांचं म्हणणं, तीन कॉम्प्रेसर एकदम चालू असले की त्यांचा मिळून एक सुरेख सूर तयार होतो, आणि बोळे घातले तर तो ऐकू कसा येणार? साहेबांनी मेमो दिला तेव्हा यांनी उत्तरात लिहून दिलं की मधला कॉम्प्रेसर किंचित बेसूर झाला आहे, तपासावा. तपासला, तर त्याचं बेअरिंग खरंच झिजलेलं निघालं. साहेबांनी डोक्याला हात लावला आणि मेमोचा विषय तिथेच राहिला. बोळ्यांचाही राहिला, आणि ते काही बरं झालं नाही. पण ते पुढे येईल.

त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत बिगुल वाजवायचे. भिंतीवर त्यांचा फोटो होता, गाल फुगवलेले, डोळे वटारलेले. “आमच्या घराण्यातला सगळा आवाज यांनी संपवला,” शिर्के सांगायचे. “माझ्या वाट्याला शांतता उरली.” आणि ती शांतता ते जिवापाड जपायचे. दार लावताना कडी वाजू नये म्हणून ती दोन बोटांत धरून ठेवायचे. स्टीलचं भांडं नेहमी फडक्यावर ठेवायचे. पापड भाजलेला असो की तळलेला, आधी आमटीत बुडवून, पार मऊ करून मग खायचे. त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, त्या पापडाचा भारी राग. “माहेरी कोणाला सांगायची पण सोय नाही,” त्या म्हणायच्या. “नवरा दारू पितो म्हटलं तर लोकांना समजतं. पापड भिजवून खातो म्हटलं तर काय समजणार?”

बोलता बोलता मध्येच तळहात वर करून “थांबा” म्हणायची त्यांना सवय होती. भाजीवाल्याशी भाव करताना, लग्नात आहेर देताना, एकदा तर रस्ता ओलांडताना. कुठला तरी सूर कानावर पडलेला असायचा आणि तो संपेपर्यंत जगानं थांबावं अशी अपेक्षा असायची. रस्ता ओलांडताना थांबले तेव्हा समोर सिटी बस होती. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढून त्यांच्या घराण्याचा उद्धार केला. शिर्के त्याला म्हणाले, “भाई, तमारी ब्रेक बहु सरस वागे छे,” म्हणजे तुमचा ब्रेक फार सुरेख वाजतो, आणि शांतपणे पलीकडे गेले.

बँडमध्ये ते धरून तिघंच. ते स्वतः कीबोर्ड वाजवायचे. बास गिटार हितेशभाईंची. त्यांचं मकरपुऱ्याला हार्डवेअरचं दुकान. ड्रमवर नंदू मोरे, स्कूटरच्या शोरूममध्ये नोकरी करणारा दोन मुलांचा बाप. हितेशभाई नवरात्रात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, त्यामुळे त्यांच्या बोटांना एकच वेग ठाऊक होता. शिर्के त्यांच्याकडून एक स्वर वाजवून घ्यायचे आणि मग थांबायला सांगायचे. हितेशभाई घाम पुसत विचारायचे, “शिर्केभाई, बधुं बराबर छे, पण चालू क्यारे थशे?” म्हणजे सगळं ठीक आहे, पण सुरू कधी होणार? नंदूची अवस्था याहून वाईट. त्याचं काम मुख्यतः न वाजवण्याचं होतं. ड्रमच्या पलीकडे काठ्या छातीशी धरून तो असा बसायचा की दाढ काढायला आलेल्या पेशंटची आठवण व्हावी.

पण दोघांनी त्यांना सोडलं नाही. मी एकदा नंदूला विचारलंही. तो म्हणाला, “बाई, दिवसभर शोरूममध्ये बडबड करतो ने. शिर्केकाकांकडे आल्यावर कोणी काही विकायला सांगत नाही.”

या मंडळींचा एकच जाहीर कार्यक्रम झाला, तो आमच्या सोसायटीच्या गणपतीत. शिर्क्यांनी आपली सगळ्यात मोठी रचना निवडली. तिचं नाव ‘पोकळी’. तिची मांडणी अशी, की आधी बराच वेळ खालचा सा, मग त्यात हळूहळू इतर स्वर मिसळणार, मग नंदूचे लांब लांब ठोके, आणि बरोबर मध्यावर सगळं थांबणार. तिथे शांतता. चांगली घसघशीत, माणूस अस्वस्थ होईल इतकी. आणि मग शेवटी कीबोर्डवर एकच एक स्वर. “बाकीचं सगळं त्या शांततेसाठी आहे, बाई,” ते म्हणायचे. “देवळात पायऱ्या असतात ने, तसं. कोणी पायऱ्या बघायला देवळात जातं का?”

त्या संध्याकाळी लोक सुरुवातीला सहनशीलपणे बसले. सा चालू होता. लोकांना वाटलं, माइक टेस्टिंग चाललंय. एवढ्यात नंदूचा पहिला ठोका पडला. आता बडोद्याच्या माणसाला ठोका ऐकू आला की त्याचा पाय आपोआप उचलला जातो, त्याला तो काही करू शकत नाही. बायका उठल्या, गोल झाला, गरबा सुरू झाला. पण ‘पोकळी’त एका ठोक्यानंतर दुसरा यायला फार वेळ लागतो. सगळं वर्तुळ एक पाय वर उचलून, हात हवेत धरून उभं राहिलं. कोणी डगमगलं, कोणी शेजारणीच्या खांद्याचा आधार घेतला. ठोका पडला, पाय खाली आले, दुसरे वर गेले. मग मध्यावरची शांतता आली आणि पाय वरच राहिले. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांचा तोल गेला, ते प्रसादाच्या टेबलावर आदळले आणि तिथेच कार्यक्रम संपला. शिर्क्यांना कोणाचा राग आला नाही. घरी जाताना ते मला म्हणाले, “पण बघा बाई, पडेपर्यंत एकानंही पाय खाली ठेवला नाही.”

रेकॉर्डिंगचा नाद त्यानंतरचा. सगळे पैसे घालून त्यांनी दोन माइक आणले, लॅपटॉप त्यांच्या मुलीचा जुना. ‘अंतराळ आणि मंडळी’ची सुरुवातीची रेकॉर्डिंग्ज म्हणून आज इंटरनेटवर जी ऐकायला मिळतात, ती आमच्या भिंतीपलीकडे झालेली आहेत. त्यातल्या पहिल्यात मीही आहे. म्हणजे मी आणि माझी आठवीची मुलं. ‘पोकळी’च्या शांततेत लांबून, गुहेतून आल्यासारखं, ‘रामः रामौ रामाः’ ऐकू येतं, आणि मग एक बाईचा आवाज, ‘पराग, खिडकीबाहेर काय आहे?’ फिनलंडच्या कुणा गृहस्थानं ते ऐकून शिर्क्यांना मेल पाठवली की हा मंत्रघोष अंगावर काटा आणतो, हे कुठल्या मठातले भिक्षू आहेत आणि मधून हुकूम देणारी धर्मगुरू कोण? शिर्के खोटं बोलत नसत. त्यांनी कळवलं, ‘इयत्ता आठवी, शेजारची शिकवणी.’ त्यावर फिनलंडहून उत्तर आलं की तुमची विनम्रता भावली.

दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये शांततेत सुमनवहिनींचा कुकर आहे. त्यांना सांगून ठेवलं होतं, त्यांनी गॅस बंदही केला होता, पण आतली वाफ कोणाचं ऐकते? तिसऱ्यात कचऱ्याची गाडी तिच्या गाण्यासकट आली आहे. एकात मोर आहे. एकात सगळं सुरळीत पार पडलं, शेवटचा स्वर लागला आणि खिडकीतून वहिनींनी चहाचा ट्रे पुढे करत विचारलं, “झालं तुमचं ट्यूनिंग? आता गाणं कधी सुरू होतं?” ते काही चेष्टेनं नव्हतं. लग्नाला एवढी वर्षं होऊनही त्यांना मनापासून वाटायचं की हे लोक अजून तयारीच करताहेत.

परदेशातल्या पाच-पन्नास लोकांना हे सगळं आवडायचं. कुकर, मोर, कचऱ्याची गाडी, सगळं. ते लिहायचे की यात शहराचा श्वास आहे. शिर्के ते वाचून कपाळाला आठ्या घालायचे. “शहराचा श्वास मला फुकट ऐकू येतो. तो रेकॉर्ड कशाला करू?”

मग त्यांचे कान गेले. एकदम नाही. आधी कुकरची शिट्टी गेली. ती ऐकू येत नाही असं ते वहिनींना आनंदानं सांगायला गेले, आणि वहिनींचं तोंड उतरलं. त्यांनी जबरदस्तीनं डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वरचे सूर गेलेत, आता हळूहळू खालचेही जातील. किती दिवसांत ते सांगता येत नाही. त्या संध्याकाळी शिर्के फाटकाशी उभे होते. मी विचारलं तसं त्यांनी सगळं सांगितलं, आणि मग हसून म्हणाले, “थोडं थांबलो असतो तर शांतता घरपोच मिळाली असती. उगाच मोरांच्या मागे लागलो.”

मला खरंच फार वाईट वाटलं.

“एवढंच आहे बाई,” ते म्हणाले, “‘पोकळी’ एकदा स्वच्छ रेकॉर्ड झाली पाहिजे. मला ऐकू येतंय तोवर. नंतर ती बरोबर झाली की नाही हे मला कोण सांगणार?”

“मी सांगीन ने,” आतून वहिनी म्हणाल्या.

“तू विचारशील, सुरू कधी होतं.”

जागा नंदूनं सुचवली. घडियाळी पोळमध्ये, म्हणजे जुन्या गावातल्या एका दाट वस्तीच्या गल्लीत, त्याच्या दत्तूमामांचं घर होतं. मामा एकटेच राहायचे आणि तेव्हा मुलीकडे सुरतेला गेले होते. किल्ली नंदूकडे. गावातली दुपार म्हणजे काय, हे बडोद्याबाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. जेवणं झाली की दुकानांची शटरं खाली येतात ती उन्हं कलल्यावरच वर जातात. दुकानदार झोपतो, गिऱ्हाईक झोपतं, स्कूटरखाली कुत्रंही झोपतं. शिर्के एकदा जाऊन नुसते ओट्यावर बसून ऐकून आले आणि म्हणाले, “बाई, तिथे दुपारी काहीच वाजत नाही. एक वेळ पोळमधलं मोठं घड्याळ वाजलं असतं, पण तेही बंद आहे.”

तयारी जय्यत झाली. आवाज घुमू नये म्हणून वहिनींनी घरातल्या होत्या नव्हत्या सगळ्या चादरी दिल्या. त्या सगळ्या पांढऱ्या, कारण शिर्क्यांना फुलाफुलांच्या चादरीवर झोप लागायची नाही. त्या भिंतींना टांगल्या, जमिनीवर गाद्या घालून त्यांवर अंथरल्या. नंदू सकाळीच पोळमध्ये घरोघर जाऊन आला. दोन्ही हात जोडून म्हणाला, आज दुपारी मामांच्या घरी जरा कार्यक्रम आहे, तेवढी शांतता ठेवा. त्याच्याकडे बघून सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. एका वयस्कर बेननी तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. उन्हाळ्यामुळे नंदूनं दोनच दिवसांपूर्वी डोक्याचा चकोट केला होता. त्याला वाटलं, त्याचंच कौतुक चाललंय.

मला दारात खुर्ची टाकून बसवलं होतं. माझं काम एकच, तोंड न उघडणं. शिर्क्यांचा यावर विश्वास नव्हता, पण दुसरं कोणी मोकळं नव्हतं. दार अर्धवट ओढून घेतलं, बाहेर आमच्या चपलांचा ढीग. सा सुरू झाला.

थोड्या वेळानं समोरच्या घरातले काका आले. झब्बा-लेंगा, पांढराशुभ्र. चपला काढल्या, मला हात जोडले, मीही जोडले. ते आत जाऊन चादरीवर बसले. मागोमाग दोन बायका पांढऱ्या साड्यांत. मग आणखी तिघं. सगळे पाय न वाजवता येत होते, हात जोडत होते, मान खाली घालून बसत होते. मी चाट पडले. एवढ्या उन्हात, झोप मोडून, स्वच्छ कपडे घालून पोळमधले लोक प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकायला आले होते. आणि ऐकत होते. कोणी चुळबुळ करत नव्हतं, फोन बघत नव्हतं, सुरू कधी होतं म्हणून विचारत नव्हतं. मला शिर्क्यांबद्दल इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. समोरच्या बेनना ते दिसलं. त्यांनी माझा हात हळूच दाबला.

शिर्के नेहमी डोळे मिटून वाजवायचे. नंदूचे ठोके सुरू झाले तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि खोली भरलेली बघून त्यांची बोटं क्षणभर थबकली. मग त्यांनी जे वाजवलं तसं मी कधी ऐकलं नव्हतं. हितेशभाईही त्या दिवशी वेगळेच वाजवत होते. एकेक स्वर असा जपून, असा दुखरा, आणि गालांवरून टपटप आसवं. मला वाटलं, गरब्यातून माणूस शेवटी बाहेर आला.

मध्यावर सगळं थांबलं, आणि ‘पोकळी’ची शांतता सुरू झाली.

एक हूं नाही की चूं नाही. एवढ्या माणसांनी भरलेली खोली आणि श्वासाचासुद्धा आवाज नाही. बाहेर पोळही गप्प. मागून कळलं की पोरांना धाक घालून घरात कोंडलं होतं आणि एकानं आपली मोटारसायकल पार पोळच्या तोंडाशी बंद करून ढकलत आणली होती. त्या शांततेतच एक म्हातारे गृहस्थ दारात आले, हातात प्रवासाची पिशवी. त्यांनी चपलांकडे पाहिलं, आतल्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं, पिशवी कोपऱ्यात ठेवली, टोपी काढली, आणि मला हात जोडून शेवटच्या ओळीत मान खाली घालून बसले. मला वाटलं, बाहेरगावाहूनही रसिक यायला लागले.

शिर्क्यांनी शेवटचा स्वर लावला. तो हळूहळू विरला. त्यांनी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग बंद केलं, त्याचा टिक असा आवाज आला, आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी शेजारच्या काकांच्या कानाशी लागून विचारलं, “कोण गेलं?”

काकांनी मान न उचलता सांगितलं, “दत्तूभाई.”

“कुठले दत्तूभाई?”

“आ घरवाळा.”

“अरे,” गृहस्थ म्हणाले, “तो तर मीच.”

मग जो गोंधळ झाला तो रेकॉर्ड झाला नाही, हे जगाचं नुकसान आहे. बडोद्यात कुणी गेलं की घरी बेसणं असतं. पांढरे कपडे घालून जायचं, थोडा वेळ गप्प बसायचं, हात जोडून निघायचं. गुजराती लोकांची रीत, पण आम्हा मराठी लोकांनीही ती केव्हाच उचलली आहे. पोळनं चकोट केलेला भाचा पाहिला, जोडलेले हात पाहिले, पांढऱ्या चादरी आत जाताना पाहिल्या. मामा सुरतेला, म्हणजे तिकडेच सगळं उरकलं असणार. त्यात घरातून रडवेले सूर यायला लागल्यावर शंकेला जागाच उरली नाही. हितेशभाईंनाही तेच वाटलं होतं. मामा गेले आणि रेकॉर्डिंग अडू नये म्हणून नंदूनं सांगितलं नाही, या विचारानं बिचारे वाजवता वाजवता रडत होते. आता त्यांनी बास गिटार गळ्यात तशीच ठेवून मामांना मिठी मारली. मामा हितेशभाईंना ओळखतही नव्हते.

“मग तुम्ही बसलात कशाला?” नंदू मामांना ओरडला.

“घरात माणसं बेसणाला बसली आहेत,” मामा म्हणाले, “मी काय उभा राहू?”

माझा हात दाबणाऱ्या बेनना वेगळीच चिंता होती. “हवे घेर जईने नाहवानुं के नहीं?” त्या विचारत होत्या. बेसणाहून आलं की अंघोळ करायची असते. पण माणूस जिवंत निघाला तर करायची का, यावर दोन तट पडले आणि पोळमध्ये नळाला पाणी सकाळीच येत असल्यानं वाद बराच तापला. शेवटी मामांनीच स्वतःच्या खर्चानं सगळ्यांना सेव-उसळ मागवली तेव्हा तो मिटला. मेलेल्या माणसाच्या हातची म्हणून सगळ्यांनी ती कौतुकानं खाल्ली.

या सगळ्यात शिर्के हेडफोन लावून कोपऱ्यात बसले होते. मी जवळ गेले. आलेले लोक रसिक नव्हते, हे त्यांना कळलं होतं आणि त्यांना वाईट वाटलं असेल, अशी माझी कल्पना. ते हेडफोन काढून म्हणाले, “एक आवाज नाही, बाई. तुमचा पण नाही.” मग खोलीकडे बघत म्हणाले, “मामांसाठी का होईना, बसले ने शेवटपर्यंत.”

ते रेकॉर्डिंग आज सगळ्यात जास्त ऐकलं जातं म्हणतात. फिनलंडच्या गृहस्थाला मात्र ते फारसं रुचलं नाही. भिक्षू कुठे गेले, असं त्यानं विचारलं होतं.

त्यानंतर शिर्क्यांचे कान भराभर गेले. यंत्र बसवून पाहिलं. त्यातून सगळं कुकरसारखं ऐकू येतं म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. बँड आपोआप बंद पडला, पण दर रविवारी हितेशभाई आणि नंदू येऊन बसायचे. बोलणं शक्य नव्हतं, वाजवणंही. तिघं नुसते बसायचे, मग चहा प्यायचे. वहिनी मला म्हणाल्या, “अगदी पहिल्यासारखंच चाललंय ह्यांचं.”

पुढे त्यांनी बडोद्याजवळच्या सावली गावात वहिनींच्या भावाशेजारी घर घेतलं. कान गेल्यावर शिर्के शांत जागी राहायला निघाले, यावर सोसायटीत बरेच विनोद झाले; त्यातले निम्मे वहिनींचे होते. सामान जायच्या आदल्या संध्याकाळी शिर्क्यांनी मला खुणेनं बोलावलं. थंडीचे दिवस होते. खोली रिकामी झाली होती, मध्ये एक मोठा स्पीकर तेवढा राहिला होता. वहिनी शेजारीपाजारी निरोप घेत फिरत होत्या.

“तुम्ही ‘पोकळी’ बसून कधी ऐकलीच नाही,” शिर्के मोठ्यांदा म्हणाले. आता ते सगळंच मोठ्यांदा बोलायचे. “पोळमध्ये तुमचं लक्ष चपलांवर होतं.”

त्यांनी रेकॉर्डिंग लावलं आणि जमिनीवर बसून दोन्ही तळहात स्पीकरवर टेकवले. डोळे मिटले. सा सुरू झाला तशी त्यांची मान हलली. मी समोर बसले. आणि सांगायला हरकत नाही, या खेपेला मला तो फ्रीज वाटला नाही. एकेक स्वर आला की त्यांच्या बोटांना कळत होतं, तोंडावर दिसत होतं. नंदूचे ठोके आले, हितेशभाईंचं रडणं आलं. मग सगळं थांबलं, शांतता सुरू झाली, आणि नेमके त्याच वेळी लाईट गेले. स्पीकरचा लाल दिवा विझला.

आमच्या सोसायटीत लाईट गेले की घरात कोणी बसत नाही. दारं धडाधड उघडली. “तमारे पण गई?” “आखी लाइन गई के?” सेक्रेटरीकाका गच्चीवरून वीज कंपनीच्या नावानं शंख करायला लागले. कुत्री भुंकायला लागली, माझ्या घरातला इन्व्हर्टर टीं टीं करायला लागला, पोरं तर अंधारात उगाचच किंचाळत होती. वहिनी कुणाला तरी हाका मारत होत्या. मी शिर्क्यांना सांगावं म्हणून हात पुढे केला.

“लाईट गेलेत,” ते डोळे न उघडताच म्हणाले. “मघापर्यंत स्पीकरमध्ये बारीक थरथर होती. रेकॉर्डिंगमध्ये राहिली होती ती, कोणाला सांगितलं नाही मी. आत्ता तीसुद्धा गेली.”

मी हात मागे घेतला.

“बसा,” ते म्हणाले. “अशी मला कधी मिळाली नव्हती.”

मी बसले. खिडकीशी कोणी तरी बॅटरी मारली, गेलं. रस्त्यावर दोघांचं भांडण जुंपलं. भिंतीपलीकडे माझा फोन वाजत होता. शिर्क्यांचे तळहात स्पीकरवर तसेच होते, मिशांखाली हसू होतं, आणि त्यांना काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.